संध्याकाळचे तांबडे आकाश: इंग्लंडच्या हवामानाच्या म्हणी कोठे खऱ्या ठरतात आणि कोठे फसतात

दरवर्षी जुलैच्या मध्यावर ब्रिटनमधील वर्तमानपत्रे आणि वृत्तवाहिन्या एक प्रश्न हमखास विचारतात: १५ जुलैला पाऊस पडला, तर पुढचे चाळीस दिवस तो पडतच राहणार का? हा दिवस संत स्विदिन यांचा मानला जातो, आणि त्या दिवशीचे हवामान चाळीस दिवस टिकते अशी तेथील जुनी म्हण आहे. ज्या देशाची हवामान संस्था महासंगणकावर दिवसातून अनेकदा अंदाज काढते, त्या देशाने अकराशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका बिशपकडे पावसाची चौकशी करावी, हे बाहेरच्या माणसाला गमतीचे वाटते. यातली खरी गोम पुढेच आहे. इंग्लंडच्या हवामानविषयक म्हणींपैकी काही शास्त्राच्या कसोटीवर चांगल्या उतरतात आणि काही साफ पडतात. कोणती म्हण कोणत्या गटात जाते हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. ती कळली की त्यांतली एखादी म्हण महाराष्ट्रात लागू पडेल का, याचेही उत्तर मिळते.

या म्हणी कोणाच्या गरजेतून आल्या?

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी व्याकरण शिकताना ‘सूर्य तळपत आहे तोवर गवत वाळवून घ्या’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केली, आणि ‘संधी दवडू नका’ असा तिचा अर्थ वहीत लिहून मोकळे झालो. जॉन हेवूड यांनी १५४६ मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती आहे. इंग्लंडच्या शेतकऱ्याला मात्र ती शब्दशः लागू होती. तेथे हिवाळ्यात गवत वाढत नाही, त्यामुळे गुरे जगवायची तर उन्हाळ्यात कापलेले गवत वाळवून साठवावे लागते. कापलेल्या हिरव्या गवताच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक पाणी असते, आणि ते वीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत गवत शेतात पसरून, वरचेवर उलटून उन्हात वाळवावे लागते. त्यासाठी लागोपाठ तीन-चार कोरडे दिवस हवेत. मध्येच पाऊस आला तर गवत काळे पडते, त्याला बुरशी लागते. त्याहून वाईट म्हणजे दमट गवताची गंजी रचली तर आतील सूक्ष्मजीवांच्या क्रियेने ती तापत जाते आणि कधी कधी आपोआप पेटते. म्हणजे आज विळा चालवावा की नाही, या एका निर्णयावर गोठ्याचा पुढचा हिवाळा अवलंबून असे.

मेंढपाळ आणि खलाशी यांची गोष्टही अशीच होती. त्यांना पुढच्या ऋतूविषयी तत्त्वचिंतन नको होते, उद्या सकाळपर्यंत काय होईल एवढेच कळायला हवे होते. ज्यांचा धंदा असा अल्प मुदतीच्या निर्णयावर चालतो त्यांच्या म्हणी सहसा खऱ्या निघतात, कारण खोटी म्हण त्यांना चार दिवसांत नुकसानीत घालते. दीर्घ मुदतीच्या म्हणींना असा तत्काळ हिशेब द्यावा लागत नाही. म्हणूनच त्या निर्धास्तपणे शतकानुशतके जगतात.

ब्रिटनचे हवामान पश्चिमेकडून का येते?

या म्हणी समजण्यासाठी भूगोलाची एक गोष्ट पक्की करावी लागते. विषुववृत्ताजवळची हवा तापलेली असते आणि ध्रुवाजवळची थंड. या तफावतीमुळे हवा उत्तरेकडे सरकू पाहते, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने ती वळते आणि मधल्या अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागते. जमिनीपासून साधारण नऊ-दहा किलोमीटर उंचीवर हा प्रवाह अतिशय वेगवान असतो. त्यालाच जेट प्रवाह म्हणतात. ब्रिटन ५० ते ६० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, नेमके या प्रवाहाच्या वाटेवर आहे. अटलांटिक महासागरावर तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे, म्हणजे पाऊस घेऊन येणारे हवेचे प्रचंड भोवरे, या प्रवाहाबरोबर वाहत एकामागून एक ब्रिटनवर येतात. दोन भोवऱ्यांच्या मध्ये जास्त दाबाचे क्षेत्र असते, आणि तेथे हवा खाली बसत असल्याने आकाश निवळते.

दादर स्थानकावर उभा असलेला माणूस गाडी कधी येणार हे पाहण्यासाठी रुळांच्या ज्या टोकाकडून ती येते तिकडेच मान वळवतो. ब्रिटनमधील मेंढपाळाच्या दृष्टीने ते टोक पश्चिमेला आहे. तिकडे जे दिसते ते थोड्या वेळाने डोक्यावर येते, आणि पूर्वेला जे दिसते ते निघून गेलेले असते. खऱ्या ठरणाऱ्या बहुतेक म्हणी या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

तांबडे आकाश काय सांगते?

सर्वांत प्रसिद्ध म्हण अशी: रात्री आकाश तांबडे, तर मेंढपाळाला आनंद, सकाळी आकाश तांबडे, तर मेंढपाळाला इशारा. खलाशांच्या तोंडी हीच म्हण मेंढपाळाऐवजी खलाशाचे नाव घालून असते.

सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत कितीतरी जास्त हवेतून प्रवास करून आपल्यापर्यंत पोचतो. या लांब वाटेत निळा प्रकाश हवेच्या रेणूंमुळे इतस्ततः विखुरला जातो आणि तांबडा तेवढा शिल्लक राहतो. जास्त दाबाच्या क्षेत्रात हवा खाली बसत असल्याने धूळ आणि बारीक कण जमिनीलगत कोंडलेले असतात, त्यामुळे हा तांबूसपणा आणखी गडद होतो. मात्र यासाठी एक अट पुरी व्हावी लागते. सूर्य आणि पाहणारा यांच्यामध्ये दाट ढग असता कामा नये.

आता संध्याकाळचा विचार करू. सूर्य पश्चिमेला आहे आणि आकाश तांबडे झाले आहे. याचा अर्थ पश्चिमेकडे बऱ्याच अंतरापर्यंत आकाश मोकळे आहे. हवामान तिकडूनच येणार असल्याने उद्याचा दिवस चांगला जाण्याची शक्यता वाढते. सकाळी याच्या उलट असते. सूर्य पूर्वेला आहे, मोकळे आकाशही पूर्वेला आहे, म्हणजे चांगले हवामान आपल्यावरून पुढे सरकले. पश्चिमेकडून येऊ लागलेल्या उंच ढगांच्या पोटावर उगवतीचे तांबडे ऊन पडले असेल, तर पाठोपाठ पाऊस येण्याची शक्यता असते.

ही म्हण इंग्लंडमध्ये जन्मली असे मानण्याचे कारण नाही. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायात, येशू लोकांना म्हणतो की संध्याकाळी आकाश तांबडे दिसले की तुम्ही चांगल्या हवेचे भाकीत करता आणि पहाटे ते तांबडे व झाकोळलेले दिसले की वादळाचे. पॅलेस्टाइनमध्येही हिवाळ्यातला पाऊस भूमध्य समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. तेव्हा बायबलमधील वाक्य इंग्लंडमध्ये पोचले तेव्हा तेथील आकाशाने ते खोटे पाडले नाही. पश्चिमेऐवजी दुसरीकडून पाऊस येणाऱ्या एखाद्या देशात ते इतके रुजले असते का, याविषयी मला शंका आहे.

ब्रिटनमध्येही ही म्हण कधी कधी सपशेल हरते. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस सैबेरियाकडून थंड वारे आले आणि देशभर बर्फ साचले. तेव्हा हवामान पूर्वेकडून येत होते. अशा दिवसांत संध्याकाळच्या तांबड्या आकाशाला काहीच अर्थ उरत नाही.

बांगड्याची पाठ, घोडीची शेपटी आणि चंद्राचे खळे

शिडाच्या गलबतांच्या काळातील एक म्हण सांगते की आकाशात बांगड्याचे खवले आणि घोडीच्या शेपट्या दिसल्या की उंच जहाजेही शिडे खाली घेऊन चालतात. घोडीची शेपटी म्हणजे अतिउंचावरचे, ओढून लांबवल्यासारखे, टोकाशी वळलेले पांढरे तंतुढग. बांगड्याचे खवले म्हणजे लहान लहान ढगांच्या समांतर ओळी. कोकणातल्या वाचकाला बांगडा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही, पण म्हणीतला बांगडा अटलांटिकचा आहे. त्याच्या निळ्या-हिरव्या पाठीवर आडवे, नागमोडी, गडद पट्टे असतात, आणि ढगांच्या ओळी हुबेहूब त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. आपल्या किनाऱ्यावरच्या बांगड्याची पाठ इतकी पट्टेदार नसते, म्हणून ही उपमा मालवणात सुचली असती असे वाटत नाही.

या ढगांचा वादळाशी संबंध कसा येतो हे पाहण्यासारखे आहे. अटलांटिकवरून येणाऱ्या भोवऱ्याच्या पुढच्या बाजूला उबदार हवा थंड हवेवर चढत असते. जेथे या दोन हवा भेटतात त्या सीमेला आघाडी म्हणतात. ही सीमा भिंतीसारखी उभी नसते. ती फार सौम्य उताराची असते, साधारण शंभर ते दीडशे किलोमीटरला एक किलोमीटर इतकीच वर चढते. याचा हिशेब मांडला की म्हणीचे सामर्थ्य कळते. उबदार हवेचे सर्वांत पुढचे टोक आठ किलोमीटर उंचीवर तंतुढगांच्या रूपात दिसत असेल, तर जमिनीवरची आघाडी अजून आठशे किंवा अधिक किलोमीटर दूर असते. ती ताशी चाळीस किलोमीटरने सरकत असेल तर पोचायला वीस तास लागतील, आणि पाऊस आघाडीच्या थोडा आधीच सुरू होतो. म्हणजे घोडीची शेपटी दिसल्यापासून खलाशाच्या हाती बहुधा अर्ध्या दिवसाहून थोडा अधिक वेळ असतो. बंदर गाठायला किंवा शिडे आवरायला तो पुरेसा आहे.

चंद्राभोवती कडे दिसले की लवकरच पाऊस, ही म्हण याच साखळीतली पुढची कडी आहे. तंतुढगांच्या मागोमाग बर्फाच्या कणांचा एक पातळ, जवळजवळ न दिसणारा पडदा आकाशावर पसरतो. हे कण षटकोनी असतात आणि त्यांतून जाताना प्रकाश किमान २२ अंशांतून वळतो, म्हणून चंद्राभोवती नेहमी तेवढ्याच अंतरावर कडे उमटते. मराठीत याला खळे पडणे म्हणतात. ते मोजायला उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून बोटे ताणून पसरावीत आणि अंगठ्याचे टोक चंद्रावर धरावे. करंगळीचे टोक जेथे पोचते त्याच्या आसपास हे कडे असते. चंद्राला अगदी चिकटून दिसणारे, रंगीत झाक असलेले लहान वलय ही वेगळी चीज आहे. ते पाण्याच्या थेंबांमुळे उमटते, आणि म्हणीत सांगितलेले कडे ते नव्हे.

ब्रिटनमध्ये एवढे मोठे कडे दिसल्यावर प्रत्येक वेळी पाऊस पडतोच असे नाही, कारण आघाडी वाटेत विरू शकते किंवा उत्तरेकडून निघून जाऊ शकते. पण तंतुढग, मग कडे, मग सूर्याला दुधी काचेमागे गेल्यासारखे करणारा करडा थर, असा क्रम एकाच दिवसात दिसला तर भाकीत बरेच भक्कम होते. जुन्या खलाशांनी एकट्या खुणेपेक्षा या क्रमाला महत्त्व दिले, आणि ते योग्यच होते.

सातच्या आधी पाऊस

सकाळी सातच्या आधी पाऊस लागला तर अकरापर्यंत उघडीप होते, ही म्हण अर्धवट खरी आहे. आघाडीचा पावसाचा पट्टा वेगाने सरकत असेल तर एका ठिकाणी काही तासच पडतो, म्हणून पहाटे सुरू झालेला पाऊस दुपारपूर्वी थांबणे स्वाभाविक आहे. पण मग तीननंतर सुरू झालेला पाऊस सातपर्यंत थांबतो हेही तितकेच खरे आहे, आणि त्याची म्हण झाली नाही. इंग्रजीत सात आणि अकरा या आकड्यांचे यमक जुळते, एवढेच या वेळेचे माहात्म्य. आघाडी रेंगाळली तर पाऊस दिवसभर राहतो आणि म्हण तोंडघशी पडते.

संत स्विदिन आणि चाळीस दिवस

स्विदिन हे विंचेस्टरचे बिशप होते आणि त्यांचे निधन नवव्या शतकात झाले. आपल्याला चर्चच्या आत न पुरता बाहेर पुरावे, जेथे आपल्यावर पाऊस पडेल आणि लोकांची पावले उमटतील, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. १५ जुलै ९७१ रोजी त्यांचे अवशेष चर्चच्या आत हलवण्यात आले. या अवज्ञेमुळे आकाश चाळीस दिवस रडले, ही त्यापुढची दंतकथा. त्यावरून म्हण बनली की या दिवशी पाऊस आला तर चाळीस दिवस राहील आणि उघडीप राहिली तर चाळीस दिवस कोरडे जातील.

नोंदी याला अजिबात दुजोरा देत नाहीत. १८६१ पासूनच्या नोंदींत १५ जुलैनंतर सलग चाळीस ओले किंवा सलग चाळीस कोरडे दिवस एकदाही आलेले नाहीत. गणिताच्या दृष्टीने याचे आश्चर्य वाटायला नको. एखाद्या दिवशी पाऊस पडण्याची शक्यता निम्मी धरली आणि प्रत्येक दिवस स्वतंत्र मानला, तर सलग चाळीस दिवस पाऊस पडण्याची शक्यता सुमारे एक लाख कोटींत एक इतकी येते. प्रत्यक्षात एका दिवसाचे हवामान दुसऱ्या दिवसाशी जोडलेले असते, म्हणून शक्यता याहून जास्त असते, पण तरी नगण्यच राहते.

मात्र येथे ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का मारून पुढे जाणे घाईचे होईल. जुलैच्या मध्यापर्यंत जेट प्रवाहाची उन्हाळी जागा पुष्कळदा ठरलेली असते, आणि ती ऑगस्टच्या अखेरीपर्यंत फारशी बदलत नाही. प्रवाह ब्रिटनच्या उत्तरेला राहिला तर उन्हाळा कोरडा जातो, दक्षिणेला घसरला तर एकामागून एक पावसाळी भोवरे देशावर येत राहतात. २००७ च्या उन्हाळ्यात तो दक्षिणेला अडकून पडला होता, आणि त्या जुलैत इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. तेव्हा म्हणीच्या पोटात एक खरे निरीक्षण दडलेले आहे: उन्हाळ्याच्या मध्यावर हवामानाचा जो साचा बसतो तो काही आठवडे टिकू पाहतो. चूक झाली ती या निरीक्षणाला एकाच तारखेचे आणि चाळीस या धार्मिक आकड्याचे कुंपण घातल्यामुळे. युरोपातल्या इतर देशांनी हेच निरीक्षण वेगळ्या खुंटीला टांगले आहे. फ्रान्समध्ये ८ जूनच्या संत मेदार यांच्या दिवसावरून चाळीस दिवसांचे भाकीत करतात, तर जर्मनीत २७ जूनच्या ‘सात निद्रिस्तां’च्या दिवसावरून सात आठवड्यांचे. सगळ्यांचे संत एकाच वेळी खरे ठरणे कठीणच आहे.

तारखेची आणखी एक अडचण सहसा कोणी लक्षात घेत नाही. ब्रिटनने १७५२ मध्ये पंचांग बदलले. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मोजला गेला, मधले अकरा दिवस गाळले गेले. म्हणजे त्याआधीच्या पिढ्या ज्या दिवसाला संत स्विदिन यांचा दिवस म्हणत, तो आजच्या हिशेबाने २६ जुलैच्या सुमाराचा होता. म्हण तीच राहिली, तारीख तीच राहिली, पण तिच्या मागचा सूर्य अकरा दिवस सरकला. म्हणणाऱ्यांना काहीच फरक जाणवला नाही, यावरून तारखेत किती बळ होते हे समजते.

२ फेब्रुवारीच्या कँडलमास सणाची म्हणही अशीच आहे. त्या दिवशी लख्ख ऊन पडले तर हिवाळा लांबतो असे ती सांगते. जर्मन भाषक स्थलांतरितांनी ही समजूत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नेली आणि तेथे ग्राउंडहॉग नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या सावलीवरून भाकीत करण्याचा सोहळा सुरू झाला. पंक्सटॉनी या गावातील उत्सव १८८७ पासून चालतो. करमणूक म्हणून तो उत्तम आहे.

ओक आधी की ॲश आधी?

झाडांविषयीची प्रसिद्ध म्हण अशी आहे की वसंतात ओक वृक्षाला ॲश वृक्षाच्या आधी पालवी फुटली तर उन्हाळ्यात पावसाचा नुसता शिडकावा होईल, आणि ॲश आधी पालवला तर सगळे भिजून निघेल. इंग्लंडमध्ये ही म्हण तपासण्यासाठी अद्भुत साहित्य उपलब्ध आहे. नॉरफोकमधील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये पालवी, फुलोरा आणि पक्ष्यांचे आगमन यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. दोनशेहून अधिक वर्षे एका घराने वहीत तारखा मांडत राहाव्यात, ही चिकाटी कोणत्याही म्हणीपेक्षा मला मोठी वाटते.

अशा नोंदींतून दिसते ते असे की ओक वसंतातील तापमानाला ॲशपेक्षा अधिक संवेदनशील आहे. वसंत उबदार गेला की ओक लवकर पालवतो आणि ॲशला मागे टाकतो. म्हणजे पालवीचा क्रम होऊन गेलेल्या आठवड्यांतले तापमान सांगतो, येणाऱ्या महिन्यांतला पाऊस नव्हे. अलीकडे वसंत अधिक उबदार होत असल्याने ओक जवळजवळ दरवर्षी पहिला येतो. तरीही ब्रिटनमध्ये ओले उन्हाळे येतच आहेत. हॉली झुडपाला भरपूर फळे धरली की कडक हिवाळा येतो, या समजुतीचीही तीच गत आहे. फळधारणा आधीच्या हंगामावर ठरते. पुढचा हिवाळा झुडपाला ठाऊक नसतो.

येथे म्हणी पारखण्याची रीत स्पष्ट होते. म्हणीत सांगितलेली खूण ही येणाऱ्या हवामानाचा पुढचा भाग आहे का, हे पाहावे. तंतुढग हा वादळाचाच आघाडीचा तुकडा आहे, म्हणून तो खरे सांगतो. ओकची पालवी ही गेलेल्या हवामानाची शेपटी आहे. आणि १५ जुलै ही तारीख हवामानाचा कोणताच भाग नाही.

‘पण आमच्या आजोबांचा अनुभव तर असाच होता’

हा आक्षेप इंग्लंडमध्येही घेतला जातो आणि त्याला उडवून लावता येत नाही, कारण अनुभव खोटा नसतो. त्याची निवड मात्र पक्षपाती असते. १५ जुलैला पाऊस आला आणि ऑगस्ट ओला गेला, तर त्या वर्षाची गोष्ट घरात सांगितली जाते. पाऊस आला आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर कोणाला काही सांगावेसे वाटत नाही. जुळलेली वर्षे साठत जातात, हुकलेली विसरली जातात. शिवाय ब्रिटनच्या उन्हाळ्यात ‘अधूनमधून पाऊस पडेल’ असे कोणतेही भाकीत बहुतेकदा जुळणारच.

त्यात यमकाची भर पडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात असे आढळले की एकाच आशयाची दोन वाक्ये दिली, एक यमकाचे आणि एक बिनयमकाचे, तर यमकाचे वाक्य लोकांना अधिक खरे वाटते. ओक आणि ॲशच्या मूळ इंग्रजी म्हणीत ‘ॲश’शी ‘स्प्लॅश’ आणि ‘ओक’शी ‘सोक’ जुळतो. झाडांची नावे वेगळी असती तर ही समजूत इतकी पसरली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात या म्हणी चालतील का?

थोडक्यात उत्तर: फारशा नाहीत, आणि त्यात म्हणींचा दोष नाही. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशांत, उष्ण कटिबंधात आहे. पावसाळ्यात कोकणावर ढग अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर येतात, पण त्याच वेळी बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. विदर्भातला बराच पाऊस अशा क्षेत्रांमुळे येतो. म्हणजे जुलैत नागपूरची गाडी पूर्वेकडून येते आणि रत्नागिरीची समुद्राकडून. मे महिन्यातला वळीव तर दुपारच्या तापलेल्या जमिनीवर तेथल्या तेथेच तयार होतो, त्याला कुठूनही यावे लागत नाही. अशा ठिकाणी पश्चिमेचे तांबडे आकाश पाहून उद्याचे भाकीत करणारा माणूस निम्म्या वेळा चुकला तर नवल नाही. चंद्राचे खळेही येथे दिसते, पण त्यामागे ब्रिटनसारखी सौम्य उताराची आघाडी सहसा नसते. हिवाळ्यात उंचावरून नुसतेच वाहत गेलेल्या पातळ ढगांमुळेही ते पडते आणि थेंबही न पडता दुसरा दिवस उजाडतो.

आपल्याकडच्या पावसाच्या म्हणी सूर्यनक्षत्रांवर बांधलेल्या आहेत, आणि त्यांचे काम बरेचदा वेगळे असते. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण पाऊस येईल की नाही हे सांगत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, स्वाती नक्षत्रात, पाऊस आलाच तर रब्बीच्या पिकाला त्याचे काय मोल आहे ते ती सांगते. हे परिणामाचे ज्ञान आहे, आणि ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात तपासले गेलेले आहे. इंग्रजीतही अशी एक म्हण आहे: मार्च महिन्यातली मापभर धूळ राजाच्या खंडणीच्या मोलाची असते. मार्च कोरडा गेला तर इंग्लंडमधील चिकण जमीन नांगरण्या-पेरण्याजोगी होते, एवढाच तिचा आशय. भाकीत करणाऱ्या म्हणींपेक्षा या जातीच्या म्हणी मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

पंचांगाची अडचण आपल्यालाही आहे, फक्त ती संथ आहे. नक्षत्रांवर आधारलेले वर्ष ऋतुवर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने साधारण बाहत्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे नक्षत्रांच्या तारखा ऋतूच्या तुलनेत पुढे सरकतात. हजार वर्षांत हा फरक दोन आठवड्यांच्या आसपास होतो. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अपेक्षित धरणाऱ्या म्हणी फार जुन्या असतील, तर त्या म्हणणाऱ्यांचे मृग नक्षत्र आजच्यापेक्षा आधी लागत असले पाहिजे.

उपग्रह असताना या म्हणी कशाला हव्यात?

हवामानशास्त्राने म्हणींना बाजूला सारले असा समज आहे, पण ब्रिटनमध्ये सुरुवात तरी तशी झाली नाही. १८५४ मध्ये तेथे सरकारी हवामान विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय हे नौदलातील अधिकारी होते. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगप्रदक्षिणेला गेले त्याचे कप्तान तेच. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारायंत्राने किनाऱ्यावरील ठाण्यांकडून नोंदी मागवून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘द टाइम्स’मध्ये पहिला सार्वजनिक हवामान अंदाज छापून आला.

त्याच फिट्झरॉय यांनी मच्छीमारांच्या बंदरांवर वायुदाबमापक बसवण्याची योजना राबवली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायुदाबमापकांवर सूचना म्हणून यमकबद्ध ओळी छापलेल्या असत. त्यांतली एक सांगते: आधीपासून कळवले तर लांब टिकते, अल्प सूचनेने आले तर लवकर जाते. वायुदाब हळूहळू, दीर्घकाळ उतरत असेल तर येणारा भोवरा विस्तीर्ण असतो आणि त्याला ओलांडून जायला वेळ लागतो. दाब एकाएकी कोसळला तर भोवरा लहान किंवा वेगवान असतो, झोडपून निघून जातो. निरक्षर कोळ्यालाही पाठ होईल अशी ही भौतिकशास्त्राची ओळ होती.

आजही बीबीसी रेडिओवर जहाजांसाठी जे हवामान निवेदन वाचले जाते, त्यात किनाऱ्यावरील ठाण्यांचा वायुदाब सांगताना ‘हळू उतरतो आहे’, ‘वेगाने उतरतो आहे’ असे शब्द जोडले जातात. त्यांचा अर्थ निवेदकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. गेल्या तीन तासांत दाब ०.१ ते १.५ हेक्टोपास्कलने उतरला असेल तरच ‘हळू’ म्हणतात, ३.६ ते ६ हेक्टोपास्कलने उतरला असेल तर ‘वेगाने’, आणि ६ च्या वर गेला तर ‘अतिवेगाने’.